गाडी लेट आहे, बसा

पहाटे पावणेचारला इंटरकॉम वाजला. अशा वेळी कुठलीही बेल वाजली की पोटात गोळाच येतो. "मॅडम, बाबा खाली आलेत, घाबरू नका, बसवलंय मी त्यांना." मी अंगावर शाल ओढली आणि चपला न घालताच जिन्याने खाली पळाले, लिफ्टची वाट बघायचंसुद्धा सुचलं नाही. गेटपाशी वॉचमनकाकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर अण्णा बसलेले. पांढरा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, डोक्याला माकडटोपी, पायात बूट पण मोजे नाहीत, आणि खांद्याला माझ्या मुलाची डब्याची पिशवी तिरकी अडकवलेली. हातात चहाचा कागदी कप.

सव्वापाचची पहिली गाडी काढायला निघाले होते ते. सांगली-कोल्हापूर. आणि आम्ही राहतो पुण्यात, सिंहगड रोडला.

मी काहीतरी बोलणार होते. काय बोलणार होते ते मला चांगलं माहितीये कारण तेच मी कितीतरी महिने बोलत आले होते, "अण्णा अहो कुठली गाडी, रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली तुम्हाला, हे पुणे आहे, चला वर." पण मी तोंड उघडायच्या आत काकांनी मला हातानेच थांबा म्हणून खूण केली आणि अण्णांना म्हणाले, "सायेब, गाडी लेट आहे, बसा निवांत, च्या घ्या." अण्णांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. "लेट हाय व्हय? मग बसतो की." आणि खरंच बसले. खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली, चहाचा घोट घेतला. मग मी पण तिथेच कट्ट्यावर बसले. पायाखाली फरशी बर्फासारखी गार, रस्त्यावरून पाण्याचा एक टँकर गेला, मागच्या गल्लीत कुत्रं भुंकत होतं, आणि आम्ही तिघं काहीही न बोलता वीसेक मिनिटं तिथे बसून होतो. मग अण्णाच उठले आणि म्हणाले, "चला, थंडी हाय, घरी जाऊया."

त्या वीस मिनिटांबद्दल मला कधीपासून लिहायचं होतं. गेल्या काही वर्षांत मी पूर्णपणे कुठे 'होते' असं कोणी विचारलं तर मला तो कट्टाच आठवतो.

थोडं मागचं सांगते. अण्णा एस्टीत कंडक्टर होते, सांगली डेपोला. त्यांचा जन्म १९४८ चा. शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख एक जून लावून टाकली, त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची तारीख एक जूनच आहे. पण आमच्या घरात त्या तारखेचं फार कौतुक, कारण एस्टीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर धावली ती १ जून १९४८ ला. "मी आन् एस्टी एकाच दिवशी सुरू झालो" हे अण्णांचं आवडतं वाक्य, पाहुणा आला की पहिल्या दहा मिनिटांत यायचंच. २००६ ला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि रिटायर झाले. २०१९ च्या फेब्रुवारीत आई गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचा तो पूर आला, आमचं घर गावभागात, खालचा मजला अख्खा पाण्यात. त्यात त्यांची कंडक्टरची चामड्याची बॅग पण गेली. पाणी ओसरल्यावर चिखलात दोन दिवस ती बॅग शोधत होते. आम्हाला तेव्हा वाटलं आईचं दुःख आहे, असं होणारच. आता मागे वळून बघितलं की वाटतं सुरुवात तिथेच कुठेतरी झाली असेल, पण हे असं मागे वळून बघत बसणं हा माझा जुना आजार आहे, त्याबद्दल पुढे लिहितेच.

२०२२ मध्ये डॉक्टरांनी नाव सांगितलं, अल्झायमर. त्यांनी अण्णांना एक कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवा म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर घड्याळावर गाड्या सोडल्या त्याने गोल छान काढला, मग बारा आकडे उजव्या बाजूला एकाखाली एक लिहिले, आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, बरोबर आहे ना असं. मी मान हलवली, हो म्हणाले. आज तारीख काय विचारल्यावर म्हणाले, एक जून.

डॉक्टरांनी समजावलं की मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो, नव्या आठवणी तिथून पक्क्या होतात, आणि या आजारात बहुतेक वेळा सुरुवातीचा मार तिथेच बसतो. म्हणून सकाळी काय खाल्लं ते राहत नाही पण चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं शाबूत. आणि हे खरंच आहे, अण्णांना मी कोण ते रोज आठवतंच असं नाही, कधी मी असते त्यांची आक्का म्हणजे मोठी बहीण, कधी शेजारची कोणीतरी, पण स्टॉप विचारा, एका दमात सांगतात, अंकली, उदगाव, जयसिंगपूर, हातकणंगले, चोकाक, हेर्ले, शिरोली, कोल्हापूर. आणि परत उलटे.

आता माझ्याबद्दल. मी एका कंपनीत पेरोलचं काम करते. महिन्याचा पगार महिनाअखेरीला जाणार म्हणून वीस तारखेपासून माझं डोकं तीस तारखेत असतं. मुलगा बारावीला, त्याची जेईई जानेवारीत, म्हणजे माझं अर्धं डोकं जानेवारीत. घराचे हप्ते २०३४ पर्यंत, तर थोडं तिकडे. आणि उरलेलं सगळं मागे. आई गेली त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला होता आणि मी मीटिंगमध्ये होते म्हणून कट केला, नंतर करते म्हटलं. ते 'नंतर' मी सहा वर्षं उगाळतेय. भांडी घासताना, सिग्नलला, रात्री लाईट घालवल्यावर, तोच फोन वाजतो आणि मी तोच कट करते.

मी लहान असल्यापासून अशीच आहे. सहलीला निघालं की घरी परत यायच्या वेळेचा विचार. लग्नात जेवायला बसले की गाडी कुठे लावलीय, बाहेर काढता येईल ना. व्हॉट्सॅपवर रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर येतं ना, वर्तमानात जगा, काल गेला उद्या आलेला नाही वगैरे, ते मी मनापासून वाचायचे आणि मनापासून वाईट वाटून घ्यायचे की मला हे जमत नाही.

यात मी एकटी नाही हे नंतर कळलं. हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी २०१० मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात एक अभ्यास छापला होता, त्यात २,२५० माणसांच्या फोनवर दिवसात कधीही अचानक प्रश्न यायचे की आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का दुसरीकडे, आणि कसं वाटतंय. ४६.९ टक्के वेळा उत्तर आलं, मन दुसरीकडे. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ. आणि मला खरी लागली ती पुढची गोष्ट. माणूस काय करतोय त्यापेक्षा त्याचं मन तिथे आहे की नाही यावरून तो खूश आहे का ते जास्त कळत होतं, इतकं की मन अगदी छान गोष्टींत भटकत असलं तरी हातातल्या कामात असलेल्या माणसापेक्षा तो काही जास्त सुखात नव्हता. मी हे वाचलं तेव्हा गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं.

पण हे सगळं वाचून आणि पटवून घेऊनसुद्धा एक गोष्ट मला छळत होती. वर्तमानात राहणं एवढं चांगलं असेल तर माझे वडील सगळ्यात सुखी माणूस असायला हवेत ना? त्यांच्याकडे दुसरं काही उरलंच नाहीये. पाच मिनिटांपूर्वीचं नाही, पाच मिनिटांनंतरचं नाही. आणि ते सुखी नाहीत हो. विशेषतः संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास त्यांची घालमेल सुरू होते, याला म्हणे सनडाऊनिंग म्हणतात. या खोलीतून त्या खोलीत, पडदा बाजूला करून बाहेर बघायचं, दाराची कडी हलवून बघायची, "आक्का, किती वाजलं? माझी गाडी गेली काय?" दर दोन मिनिटांनी. त्यांच्या डोळ्यांत जी भीती असते ती बघवत नाही. अनोळखी स्टँडवर रात्री उतरवून दिलेल्या लहान मुलासारखे दिसतात.

याच काळात मी क्लाइव्ह वेअरिंग या माणसाबद्दल वाचलं. इंग्लंडमधला मोठा संगीतकार, १९८५ मध्ये त्याच्या मेंदूला विषाणूचा संसर्ग झाला आणि त्यानंतर त्याची आठवण टिकायची ती फक्त काही सेकंद. तो डायरी लिहायचा. त्या डायरीत पानंच्या पानं एकच गोष्ट, आत्ता मी पहिल्यांदाच खरा जागा झालो, आणि शेजारी वेळ. मग थोड्या मिनिटांनी आधीचं खोडून परत तेच, आत्ता मी खरा जागा झालो. मी ते वाचून रडले. केवळ वर्तमान, निव्वळ 'आत्ता', हे काय असतं ते त्याच्या त्या खोडलेल्या ओळींत होतं आणि ते भयंकर होतं.

आणि अजून एक. डेमिस हसाबिस हे नाव तुम्ही एआयमुळे ऐकलं असेल, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यातले एक. त्याआधी ते लंडनमध्ये मेंदूवर संशोधन करत होते आणि २००७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच माणसांना कल्पना करायला सांगितली होती, समजा तुम्ही समुद्राच्या पांढऱ्या वाळूवर पडलाय, काय काय दिसतंय सांगा. बहुतेकांना ते चित्र जोडताच येईना. नुसते तुकडे तुकडे. ज्यांचा काल गेला होता त्यांना उद्या रंगवता येत नव्हता, कारण दोन्ही गोष्टी मेंदूच्या त्याच कारखान्यात तयार होतात. हे वाचल्यापासून मी तो सूर्योदयाचा फोटो आला की वाईट वाटून घेणं सोडून दिलं. काल आणि उद्या हे कचरा म्हणून फेकून द्यायचे नसतात, त्यांच्यावरच तर आपण उभे असतो. माझे वडील खाली पडतायत कारण त्यांच्या पायाखालून तेच काढून घेतलंय.

मग त्या पहाटे कट्ट्यावर काय झालं होतं, याचा मी खूप विचार केला. काकांनी अण्णांना वर्तमानात वगैरे आणलं नव्हतं. मी तेच करत होते इतके दिवस, खेचून आणत होते, हे पुणे आहे, आज अमुक तारीख आहे, तुम्ही रिटायर झालात. मी त्यांना माझ्या वर्तमानात ओढत होते आणि ते माझं वर्तमानसुद्धा नव्हतं, कारण मी तिथे उभी राहून 'यांना असं झालं तर पुढच्या वर्षी काय होईल' याच टेन्शनमध्ये असायचे. काकांनी फक्त समोरच्या माणसाकडे बघितलं. हा माणूस घाबरलाय, थंडी आहे, याला बसायला खुर्ची आणि हातात काहीतरी गरम पाहिजे. बास. काकांना विचारलं मी नंतर, तुम्हाला कसं सुचलं? ते बीडकडचे, म्हणाले, "सुचायचं काय त्याच्यात, माणूस स्टँडवर आला की आधी त्याला बसवतेत."

सगळ्यात अवघड होतं ते आईचं. "तुझी आई कुठं गेली?" हा प्रश्न दिवसातून चार वेळा तरी यायचा. आणि मी खरं सांगायचे. खोटं बोलायचं नाही हे त्यांनीच शिकवलेलं. "अण्णा, आई गेली ना, २०१९ ला." आणि ते प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकायचे. हो, प्रत्येक वेळी. तोंड उघडं राहायचं, हात थरथरायला लागायचा, "कवा? मला कुणी सांगितलं न्हाई?" आणि मग हमसून हमसून रडायचे. अर्ध्या तासाने विसरायचे पण उदास तसेच राहायचे, का उदास आहोत ते न कळता. आठवण जाते पण तिने आणलेला कढ मागे राहतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, मी फराळाची ताटं भरत होते आणि त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी ओरडले. "गेली! मेली! किती वेळा सांगू!" मुलगा खोलीतून बाहेर आला. अण्णांनी हातातली करंजी हळूच ताटात परत ठेवली. ते कधीचं विसरले असतील. मी विसरलेली नाही आणि मला ते विसरायचं पण नाही.

त्या रात्री मी काकांचं वाक्य आठवून ठरवलं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, सकाळी त्यांनी विचारलं, "तुझी आई कुठं गेली?" मी लॅपटॉप बंद केला, त्यांच्याजवळ पलंगावर बसले आणि म्हटलं, "अण्णा, आई या वेळेला काय करत असायची हो?" ते विचारात पडले. मग म्हणाले, "या टायमाला... दळाण आणाय गेली असंल." मी म्हटलं, गिरणी लांब होती का? आणि मग ते बोलत सुटले, गिरणीवाला कोण, आई पिशवीत डबा कशी ठेवायची, पीठ गरम असताना त्यात हात घालून बघायची नीट दळलंय का, आणि ते हात नाकाशी नेऊन वास घ्यायची. मला माहितीच नव्हतं हे. माझी आई पिठाचा वास घ्यायची. सहा वर्षं मी तिचा एक कट केलेला फोन घेऊन बसले होते आणि इथे माझ्या शेजारी पलंगावर ती गरम पिठात हात घालून उभी होती. तेव्हा त्यांच्यासाठी ते 'आत्ता' होतं आणि त्यांच्यासोबत बसल्यामुळे माझ्यासाठीपण झालं. हे खोटं बोलणं आहे का? मला नाही वाटत. मी काहीच खोटं बोलले नाही, नुसतं विचारलं.

आता संध्याकाळच्या घालमेलीवर आम्हाला एक गोष्ट सापडलीय आणि ती मला इथे नीट सांगायचीय, कोणाच्या घरी असं कोणी असेल तर उपयोग होईल म्हणून.

अण्णांच्या ड्यूटीच्या काळात तिकिटाचं मशीन नव्हतं. पत्र्याच्या पेटीत वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे, हातात पंच, आणि डाव्या हाताच्या बोटांमध्ये नोटा. तुम्ही बघितलं असेल, जुने कंडक्टर नोटा उभ्या दुमडून बोटांच्या फटींत धरायचे, प्रत्येक किमतीला वेगळी फट. बस हलतेय, गर्दी आहे, एक पाय सीटला टेकवलाय आणि न बघता हात बरोबर नोटेवर जातो. एकदा साडेपाचला ते असेच येरझाऱ्या घालत होते, मी सहज माझ्या पर्समधली चिल्लर टीपॉयवर ओतली आणि म्हटलं अण्णा जरा हिशोब लावून देता का, मला जमेना. ते बसले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. एक रुपया, दोन रुपये, पाच, दहा, चार वाटे झाले. मग दहा-दहाच्या चळती. चळत झाली की अंगठा आणि मधल्या बोटात धरून टीपॉयवर एकदा टक् करून आपटायची, म्हणजे कडा सारख्या होतात. मी दहाच्या आणि वीसच्या काही नोटा दिल्या, त्यांनी न सांगता त्या उभ्या दुमडल्या आणि बोटांत धरल्या, दहाच्या पहिल्या दोन बोटांत, वीसच्या पुढच्या फटीत. पन्नासची एकच होती, ती करंगळीशेजारी.

सत्तर मिनिटं. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगतेय, पहिल्या दिवशी बघितलं, आता नाही बघत. सत्तर मिनिटं एकदासुद्धा गाडी गेली काय विचारलं नाही.

त्या वेअरिंगचंही असंच होतं, त्याला बायको दोन मिनिटांपूर्वी भेटलेली आठवायची नाही पण पियानोसमोर बसवलं की बोटं बरोबर चालायची. हाताची आठवण मेंदूत दुसऱ्या ठिकाणी असते, ती उशिरा जाते. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले फारच छान, हेच करा, त्यांच्या कामातलं काही असेल ते द्या, फक्त लहान मुलाला देतो तसं खेळणं म्हणून देऊ नका. हे मला फार पटलं. मी खरंच हिशोब लिहून ठेवते. रोज संध्याकाळी वहीत आकडा लिहिते, अण्णा बोलतात मी लिहिते, आणि ते खाली सही करतात. सही अजून तशीच आहे, शेवटच्या अक्षराला शेपटी.

सुरुवातीला मी त्या वेळात फोन बघायचे. ते गुंतलेत तर तेवढ्यात माझी मेलं उरकून घेऊ. पण त्यांना कळतं. कसं कळतं देवाला माहिती, पण मी मनाने उठून गेले की दोन मिनिटांत त्यांचे हात थांबतात आणि ते दाराकडे बघायला लागतात. म्हणून आता फोन स्वयंपाकघरात मिक्सरमागे ठेवते आणि बसते. पहिले आठ-दहा दिवस जीव जायची पाळी, सांगते तुम्हाला, डोकं सारखं तीस तारखेला पळायचं. मग हळूहळू मला टक् ऐकू यायला लागलं. म्हणजे आधीपण येत होतं, पण आता मी प्रत्येक चळतीच्या टक् ची वाट बघते. त्यांच्या अंगठ्यावर पंचाचा जुना घट्टा आहे, अजून आहे, तो मी पंचेचाळीस वर्षांत आत्ता बघितला.

मग चहा. बशीत ओतायचा, बशी दोन्ही हातांनी उचलायची, तीनदा फुंकर, आणि आवाज करत घोट. मीपण बशीत घ्यायला लागलेय. बशी हातात असली ना की दुसरं काही करताच येत नाही, फोन नाही, टाइप नाही, एक हात सोडला की सांडलं.

हे वाचून कोणाला वाटेल की मी आता पुढचा विचार करायचं सोडून दिलंय तर तसं अजिबात नाही, आणि करूही नये. अण्णांच्या बँकेचं, पेन्शनचं, कागदपत्रांचं मी वकिलांशी बोलून सगळं वेळेत केलं, ते सही करू शकत होते आणि त्यांना समजत होतं तेव्हाच. ज्यांच्या घरी नुकतं निदान झालंय त्यांनी ते थांबू नका, पुढच्या महिन्यात बघू म्हणू नका. अण्णांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात माझा नंबर लिहिलेला कागद आहे, दाराला वरची कडी बसवलीय. महिन्यातून एक रविवार सकाळी मी आणि नवरा वही घेऊन बसतो आणि पुढच्या सगळ्या भीतीदायक गोष्टी बोलून घेतो, पैसे, माणूस ठेवायचं का, रात्रीचं कसं, मुलगा बाहेर शिकायला गेला तर काय. दोन तास. उद्याला मी ते दोन तास दिलेत. साडेपाच ते सात देत नाही.

मधेच माझी भीती येतेच. परवा मला 'सांडशी' हा शब्द आठवेना, हात पुढे केलेला आणि शब्द गायब, आणि एका सेकंदात मी सत्तर वर्षांची होऊन त्या डॉक्टरांसमोर घड्याळ काढत बसले होते. पूर्वी ती रात्र गेली असती माझी. परवा हॉलमधून टक् आवाज आला आणि मी दूध उतरवलं, फडक्याने.

आता नवीन प्रकार असा की मुलाने कालनिर्णयची जुनी पानं कापून तिकिटं करून दिलीत. जानेवारी ते ऑक्टोबर सगळे महिने संपलेले, त्याच्या चिठ्ठ्या, चार गठ्ठे, रबरबँड लावून, माझ्या मसाल्याच्या जुन्या डब्यात. काही तिकिटांच्या मागे अर्धीच पाककृती आहे. पंच म्हणून कागदाला भोक पाडायचं ऑफिसचं मशीन. काल संध्याकाळी चहा झाल्यावर अण्णा डबा घेऊन उठले, सोफ्याच्या दांड्याला गुडघा टेकवला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मुलगा पुस्तक बंद करून शेजारी येऊन बसला. मी सरकून त्याला जागा दिली.

"कुठं जायचंय?"

"हातकणंगले. दोन द्या."

त्यांनी दोन तिकिटं फाडली, एक मे महिन्यातलं, एक ऑगस्टमधलं, भोक पाडलं, माझ्या हातावर ठेवली, आणि डावा हात पुढे केला, बोटांत उभ्या दुमडलेल्या नोटा.

"सुट्टं द्या बाई. सकाळपासनं समद्यांनी नोटाच दिल्यात."

मी उठून देवघरातली चिल्लरची वाटी आणायला गेले.